मराठवाड्यातल्या गिरणी-कारखान्यांचे जुने फोटो: पुसायला घेण्याआधी

औरंगाबादेत कापड गिरणी उभी राहिली १८८९ साली. १९०० मध्ये मनमाडकडून रेल्वे आली आणि जालन्यात जीन-प्रेसची (कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्यांची) रांग लागली. पुढे नांदेडची उस्मानशाही मिल, ठिकठिकाणचे साखर कारखाने, परळीचं औष्णिक वीज केंद्र, चिकलठाणा आणि वाळूजची एमआयडीसी. या सगळ्यांचे फोटो निवृत्त कामगाराच्या भिंतीवर, पतसंस्थेच्या कपाटात, युनियनच्या ऑफिसात आणि बंद पडलेल्या स्टुडिओच्या डब्यांत पडून आहेत. असा फोटो हाती आला की पहिला मोह होतो तो ओल्या फडक्याने पुसायचा. निम्मं नुकसान तिथेच होतं.

हात लावण्याआधी

तसबीर भिंतीवरून काढली की आहे त्या अवस्थेत मोबाइलने तिचे फोटो घ्या: पुढून, मागून, कडांचे, पुठ्ठ्यावरच्या मजकुराचे. मागची बाजू पुढच्या बाजूइतकीच कामाची असते. तिथे स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीने टाकलेला निगेटिव्हचा नंबर, कधी खात्याचं नाव, कधी निजामकाळातलं ‘फसली’ साल सापडतं. तसबीर करणारे प्लायच्या आत बऱ्याचदा वर्तमानपत्र घालत. त्यावरची तारीख तसबिरीची तारीख सांगते, फोटोची नव्हे. तरीही तो कागद फेकू नका, वेगळ्या पाकिटात ठेवा.

हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा आणि फोटो कडांना धरा. सुती हातमोजे फोटोसाठी बरे नाहीत: पकड सुटते आणि धागा फाटक्या कडेत अडकतो. निगेटिव्ह आणि काचेच्या प्लेटला (काचेवरच्या जुन्या निगेटिव्हला) मात्र नायट्राइलचे हातमोजे घालाच, कारण बोटाचा ठसा तिथे कायमचा बसतो.

कागद कोणता ते ओळखा

दहापट भिंगातून पाहा. कागद पातळ, रंग पिवळट-तपकिरी, कागदाचे तंतू स्पष्ट दिसतात आणि वर बारीक भेगांचं जाळं आहे, म्हणजे बहुधा अल्ब्युमेन प्रिंट, एकोणिसाव्या शतकातली. असा कारखान्याचा फोटो मराठवाड्यात दुर्मीळच, तो घरी हाताळू नका. तंतू दिसत नाहीत, वर जिलेटिनचा गुळगुळीत थर आहे आणि काळ्या भागावर, विशेषतः कडांना, तिरक्या उजेडात निळसर चांदीसारखी झाक मारते, म्हणजे जिलेटिन ब्रोमाइड. गिरण्यांचे बहुतेक ग्रुप फोटो याच जातीचे. ती चांदीची झाक म्हणजे धूळ समजून घासायला जाऊ नका. प्रतिमेतलीच चांदी वर आलेली असते, घासली की चित्रच निघतं.

पाठ प्लास्टिकसारखी लागते आणि तिच्यावर कंपनीचं नाव तिरक्या ओळींत छापलेलं आहे, तर तो रेझिन लावलेला कागद, म्हणजे फोटो साधारण १९७० नंतरचा. रंगीत फोटो लालसर-गुलाबी झाला असेल तर त्यातला निळसर रंग उडालाय. तो अंधारात ठेवला तरी उडतो. अशा फोटोंना स्कॅनच्या रांगेत पहिला नंबर द्या. ब्लॅक अँड व्हाइट फोटो नीट ठेवला तर अजून टिकेल, हा थांबणार नाही.

हाताने रंगवलेले फोटोही भरपूर आहेत: गालावर गुलाबी, टोपीवर किंवा फेट्यावर रंग. हे रंग बहुधा पाण्यात विरघळतात. त्यांना कोरडा ब्रश सोडून काही लावायचं नाही.

काचेला चिकटला असेल तर

मराठवाड्यातल्या घरांत हा सर्रास दिसणारा बिघाड. तसबीर पश्चिमेच्या भिंतीवर टांगलेली असते, पावसाळ्यात भिंत ओल धरते, फोटो आणि काच यांच्यामध्ये पुठ्ठ्याची चौकट नसते. जिलेटिन ओल्या हवेत मऊ होतं, काचेला धरतं आणि उन्हाळ्यात घट्ट वाळतं.

ओढू नका. ब्लेड घालू नका. वाफ देऊ नका. काच बाहेरून पुसा (फवारा फडक्यावर मारा, काचेवर नको, नाहीतर पाणी कडेतून आत जातं) आणि काचेसकट स्कॅन करा. चिकटलेला भाग काचेतून उलट जास्त गडद आणि स्पष्ट दिसतो, सुटा भाग फिका. हा फरक स्कॅनमध्ये बऱ्यापैकी सांभाळता येतो. मग मागून प्लाय काढून ओला पुठ्ठा बदला आणि तसबीर काचेसह आडवी ठेवा. काचेपासून सोडवणं हे प्रशिक्षित संरक्षकाचं काम आहे, आणि त्यालाही दर वेळी साधतं असं नाही.

चौकटीतले बारीक खिळे (चुका) काढताना पक्कड चौकटीच्या बाजूने बाहेर ओढा, काचेकडे दाब देऊ नका. जुनी काच पातळ असते. तडकलीच, तर तुकडे फोटोवर घसरू न देता एकेक वर उचला.

सफाई: थोडी आणि कोरडी

रबरी फुग्याच्या ब्लोअरने धूळ उडवा. तोंडाने फुंकलं की थुंकीचे बारीक थेंब बसतात. मग मऊ केसांच्या चपट्या ब्रशने मधून कडेकडे, एकाच दिशेने. पाठीवर मळ असेल तर पांढऱ्या व्हिनाइल खोडरबराचा चुरा हलकेच फिरवा, पण जिथे काही लिहिलंय तिथून दोन बोटं लांब. माश्यांचे डाग, हळद-कुंकवाचे ठिपके राहू द्या. खंडेनवमीला मशीनबरोबर फोटोचीही पूजा झालेली असते आणि कुंकू जिलेटिनमध्ये मुरतं. काढायला गेलात तर डागाच्या जागी पांढरं भोक पडेल.

बुरशी असेल तर पाण्याचा विचारच सोडा. बुरशीने खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं. असा फोटो झिप पिशवीत घालून बाकीच्यांपासून वेगळा करा, मग कोरड्या हवेत, सावलीत, हवेशीर जागी दोन दिवस वाळवा. बुरशी कोरडी, भुकटीसारखी झाली की घराबाहेर, तोंडाला एन-९५ मास्क लावून ब्रशने झटका. ब्रश नंतर दुसऱ्या फोटोला वापरू नका. उन्हात टाकून वाळवायचा सल्ला हमखास मिळतो, तो ऐकू नका: कागद गुंडाळतो आणि थराला भेगा जातात.

सुरळी झालेला फोटो जोराने उलगडला की आडवा मोडतो. मोठ्या प्लास्टिकच्या टबात ओला टॉवेल, त्यावर जाळी, जाळीवर फोटो, वर झाकण. दोन ते चार तासांत कागद नरम पडतो. मध्ये एकदा उघडून पाहा, झाकणाखाली थेंब जमले असतील तर ते फोटोवर पडण्याआधी पुसा. मग चित्राच्या बाजूला सिलिकॉन लावलेला बेकिंग पेपर, दोन्ही बाहेरच्या बाजूंना टिपकागद आणि वर सपाट वजन, एक-दोन दिवस. बुरशी असलेल्या, हाताने रंगवलेल्या किंवा पुठ्ठ्यावर डकवलेल्या फोटोला हा प्रयोग करू नका.

चिकट पानांच्या अल्बममधून फोटो काढायला दात साफ करायचा मेण नसलेला धागा फोटोच्या मागून करवतीसारखा हलवत न्या. सेलोटेप असेल तर ती तशीच असू द्या. आणि फोटोला लॅमिनेशन करून आणणाऱ्या सद्भावी माणसाला वेळीच अडवा.

साल कसं काढायचं

इथे मराठवाड्याचा इतिहास कामाला येतो. पाटी, पत्ता, डबा, शिक्का: अक्षर दिसेल तिथे भिंग लावा.

निजामकाळातल्या पाट्या आणि हिशेबांत फसली साल असतं. हैदराबाद संस्थानात फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला, आजर महिन्याने सुरू होई. ऑक्टोबर ते डिसेंबरमधली तारीख असेल तर ५९० मिळवा, पुढच्या महिन्यांसाठी ५९१. म्हणजे १३५५ फसली हे ऑक्टोबर १९४५ ते ऑक्टोबर १९४६. महिना माहीत नसेल तर दोन्ही सालं लिहा, अंदाजाने एक ठोकून देऊ नका. उर्दू आकडे वाचता येत नसतील तर जुन्या शिक्षणाच्या एखाद्या काका-चाचांना दाखवा. ४ आणि ५ तिथे वेगळ्याच वळणाचे असतात आणि चूक हमखास तिथेच होते.

१७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झालं, १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला. पाटीवर ‘हैदराबाद राज्य’ असेल तर फोटो १९५६ च्या आधीचा धरा. त्यानंतरच्या काळासाठी जिल्ह्याचं नाव सगळ्यात भरवशाचं. ‘जालना, जि. औरंगाबाद’ लिहिलं असेल तर पाटी १ मे १९८१ च्या आधीची. ‘लातूर, जि. उस्मानाबाद’ म्हणजे १५ ऑगस्ट १९८२ च्या आधीची. ‘हिंगोली, जि. परभणी’ १ मे १९९९ पर्यंत चाललं. स्टुडिओच्या शिक्क्यात सहा आकडी पिनकोड असेल तर शिक्का १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. ट्रकच्या नंबरात एमएच आणि दोन आकडे असतील तर १९८९ च्या मध्यानंतरचा, आणि जिल्हाही कळतो: २० औरंगाबाद, २१ जालना, २२ परभणी, २३ बीड, २४ लातूर, २५ उस्मानाबाद, २६ नांदेड.

जीन-प्रेसच्या सायडिंगवर उभा असलेला वॅगन असेल तर त्यावरची अक्षरं वाचा. एनजीएसआर म्हणजे निजामाची गॅरंटीड रेल्वे, ती १९३० मध्ये संस्थानाने ताब्यात घेतली आणि अक्षरं एनएसआर झाली. १९५१ पासून मध्य रेल्वे, १९६६ पासून दक्षिण मध्य. पण वॅगन लगेच रंगवले जात नसत. त्यामुळे नवं अक्षर ‘याच्या आधीचा नाही’ एवढंच सांगतं, जुनं अक्षर ठोस काहीच सांगत नाही.

कपड्यांवरून साल ठरवायची घाई करू नका. रुमी टोपी, शेरवानी, गांधी टोपी यांचा काळ एकमेकांत मिसळलेला आहे आणि ग्रुप फोटोला माणूस ठेवणीतला कोट घालून येतो. साखर कारखान्याच्या फोटोत मात्र फलकावर गळीत हंगाम लिहिलेला असतो. गव्हाणीत मोळी टाकतानाचा फोटो हंगामाच्या सुरुवातीचा, बहुतेक ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला, म्हणजे ‘१९७८-७९’ मधलं पहिलं साल घ्यायचं. मशीनला झेंडूचं तोरण आणि कुंकवाचं स्वस्तिक दिसलं की खंडेनवमी किंवा दसरा. महिना मिळाला, साल दुसरीकडून शोधा.

मशीन वाचायचं कसं

आधी फोटो उलटा तर छापलेला नाही ना, ते तपासा. निगेटिव्ह पालथी ठेवून छापलेल्या प्रिंट पुष्कळ आहेत. ओतीव लोखंडावरची अक्षरं दिसत असतील तर प्रश्नच नाही. नसतील तर पुरुषांच्या शर्टाची पट्टी बघा: घालणाऱ्याची डावी बाजू वर असायला हवी. लेथ असेल तर कामगार उभा राहतो त्या बाजूने पाहताना हेडस्टॉक (काम पकडून फिरवणारा भाग) डावीकडे हवा.

मग खातं ठरवा. जीनमध्ये लांब ओळीत उभ्या चरक्या, वरून कापूस भरलेला, एका बाजूला रुई आणि खाली सरकी. मोठ्या खोलीत उंच प्रेस आणि पट्ट्या बांधलेल्या गाठी असतील तर तो प्रेस हाऊस. गिरणीत दोन्ही बाजूंना शेकडो चात्या आणि वर बॉबिनांची फळी दिसली की रिंगखातं, म्हणजे सूतकताई. रुंद पिंप फिरतंय आणि समोर उंच डब्यात पेळू गोळा होतोय, तर कार्डिंग. धोटा आणि पुढे कापडाचा रूळ, तर साचेखातं, म्हणजे विणकाम. छताखालून लोखंडी शाफ्ट आणि त्यावरून प्रत्येक मशीनवर उतरणारे चामड्याचे पट्टे असतील, तर अजून एकाच इंजिनावर सगळं खातं चालत होतं. प्रत्येक मशीनला स्वतःची मोटर दिसली की तो पुढचा काळ.

मशीनच्या बाजूला बनवणाऱ्याचं नाव ओतलेलं असतं: ओल्डहॅमचे प्लॅट ब्रदर्स, ॲक्रिंग्टनचे हॉवर्ड अँड बुलो, बोल्टनचे डॉब्सन अँड बार्लो, ऑइल इंजिनावर रस्टन अँड हॉर्न्सबी. कोइंबतूरच्या लक्ष्मी मशीन वर्क्सचं नाव असेल तर फोटो १९६२ नंतरचा, कंपनीच तेव्हा सुरू झाली. विलायती मशीनवरचं साल हे मशीन घडवल्याचं. ही यंत्रं पन्नास-साठ वर्षं चालवली गेली, तेव्हा १९१० ची प्लेट असलेल्या रिंग फ्रेमपुढे १९६५ चा कामगार उभा असणं अगदी शक्य आहे.

चाक धूसर आणि माणसं ठाशीव असतील तर मशीन चालू ठेवून, संथ शटरवर फोटो घेतलाय. पट्टा सैल लोंबत असेल तर मशीन बंद होतं.

माणसांची नावं

हे काम आधी करा, स्कॅनिंग महिनाभर उशिरा झालं तरी चालेल. फोटोची ए-फोर किंवा ए-थ्री आकाराची प्रिंट काढा, वर ट्रेसिंग पेपर ठेवून प्रत्येक चेहऱ्याची बाह्यरेषा काढा आणि आत आकडा लिहा. मूळ फोटो घेऊन घरोघर फिरू नका.

जुन्या कामगाराला थेट ‘हा कोण?’ विचारलं की तो अडखळतो. ‘काका, हे कोणतं खातं? तुमचं मशीन कुठल्या ओळीत होतं? पाळी कोणती?’ असं विचारा. मशीनची जागा आठवली की शेजारी काम करणारे आपोआप आठवतात: जॉबर (मुकादम) कोण, बदलीवर कोण यायचं, कोणाला काय नावाने हाक मारायचे. टोपणनाव लिहा, पण पूर्ण नावही विचारा. बायकांबद्दल वेगळं विचारावं लागतं. जीनमध्ये कापूस निवडायला आणि भरायला बायका असत, फोटोत त्या कडेला उभ्या असतात आणि पुठ्ठ्यावर छापलेल्या यादीत त्यांची नावं बहुधा नसतात.

प्रत्येक नावापुढे सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख टाका. दोघांनी दोन नावं सांगितली तर दोन्ही ठेवा. ‘डावीकडून’ म्हणजे बघणाऱ्याच्या डावीकडून, आणि खुर्चीवर बसलेले, मागे उभे, पुढे जमिनीवर बसलेले अशा रांगा वेगळ्या करा. मधोमध हार घातलेला माणूस बहुधा निवृत्त होणारा किंवा बदली झालेला साहेब असतो. त्याची निवृत्तीची तारीख घरच्यांकडे मिळाली की फोटोची तारीखही मिळाली.

स्कॅनिंग

फ्लॅटबेड स्कॅनर, ब्लॅक अँड व्हाइट फोटोसुद्धा रंगीत मोडमध्ये, टिफ फाइल. साधारण आकाराच्या फोटोला ६०० डीपीआय, आगफा क्लिक कॅमेऱ्याच्या सहा सेंटिमीटरच्या छोट्या, निगेटिव्हच्याच आकाराच्या कॉन्टॅक्ट प्रिंटला १२००. १२० रोलफिल्मच्या निगेटिव्हला २४००, ३५ मिलिमीटरला ३२०० च्या पुढे. आठ बाय दहा इंचाचा फोटो ६०० डीपीआयवर, २४ बिटमध्ये, सुमारे ८६ एमबी होतो, त्या हिशेबाने डिस्क घ्या. शार्पनिंग आणि ऑटो कलर बंद. धूळ काढणारी इन्फ्रारेड सोय ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्हवर चालत नाही, चांदीच्या कणांना ती धूळ समजते आणि चेहरे खरवडते.

दहा बाय बाराचा ग्रुप फोटो ए-फोर स्कॅनरवर मावत नाही. दोन-तीन तुकड्यांत घ्या, प्रत्येक तुकडा एक चतुर्थांश आच्छादून, आणि फोटो न फिरवता फक्त सरकवा. फिरवला की कागदाच्या पोतावर उजेड उलट्या बाजूने पडतो आणि जोड दिसतो. मोबाइलच असेल तर उत्तरेच्या खिडकीजवळ, फ्लॅश बंद, २एक्स लेन्स, शेजारी पट्टी आणि कोरा पांढरा कागद.

एआय ॲपने चेहरे ‘खुलवलेली’ प्रत घरच्यांना आवडते, जरूर द्या. पण ती वेगळ्या फोल्डरमध्ये आणि नावात तसं लिहून. ही ॲप धूसर चेहऱ्यावर नवेच डोळे बसवतात आणि मशीनच्या प्लेटवरची अक्षरं मनाने रचतात.

छापायचा किंवा नेटवर टाकायचा असेल तर स्टुडिओच्या वारसांना विचारा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर फोटोचा कॉपीराइट छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो.

ठेवायचं कुठे

पत्र्याच्या घरातली माळ्यावरची ट्रंक सगळ्यात वाईट: मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश असतात आणि पत्र्याखाली त्याहून जास्त. माळवदाच्या घरातली आतली खोली त्यापेक्षा कितीतरी बरी, फक्त जमिनीपासून फूटभर वर आणि भिंतीला न टेकवता, नाहीतर वाळवी. प्रत्येक फोटो आम्लरहित कागदाच्या किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटात. वास येणारं पीव्हीसी आणि खाकी कागद नको. पाकिटावर आधी लिहा, मग फोटो आत सरकवा. फोटोच्या पाठीवर लिहायचंच असेल तर मऊ २बी पेन्सिल, कडेला, काचेवर पालथा ठेवून. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो.

आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांत राहावी. वीस लिटरच्या घट्ट झाकणाच्या डब्यात पाव किलो नारिंगी सिलिका जेल जाळीच्या पिशवीत ठेवा, हिरवी झाली की १२० अंशांवर दोन-तीन तास तापवा. निळ्या रंगाच्या जेलमध्ये कोबाल्ट असतं, ती स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये नको. पावसाळा संपला की जेल काढून घ्या, कारण इथली उन्हाळी हवा आधीच कोरडी आणि जास्त सुकलेलं जिलेटिन तडकतं. डांबराच्या गोळ्या डब्यात टाकू नका. ओला कडुनिंबाचा पालाही नको, त्याच्यातलं पाणी फोटोलाच मिळतं.

निगेटिव्हला व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल तर ती ॲसिटेटची, सडायला लागलेली. लगेच वेगळी करा, तिची वाफ शेजारच्यांना सडवते, आणि निगेटिव्हमध्ये पहिल्यांदा तिचंच स्कॅन करा. १९५० च्या आसपासची किंवा आधीची, कडेला ‘सेफ्टी’ न लिहिलेली, पिवळी-चिकट झालेली फिल्म नायट्रेटची असू शकते. ती भडकन पेट घेते आणि पाण्यानेही विझत नाही. बंद ट्रंकेत, उन्हात, गरम दिव्याखाली ठेवू नका. सुटी करून कागदी पाकिटात, घरातल्या सगळ्यात थंड जागी, बाकी संग्रहापासून दूर ठेवा आणि अभिलेखागाराशी किंवा संरक्षकाशी बोला.

काचेच्या प्लेट आडव्या रचू नका. प्रत्येकीला चारही बाजूंनी दुमडणारं कागदी पाकीट करून लांब कडेवर उभ्या ठेवा, डब्यात फटीला पुठ्ठा द्या. तडकलेली प्लेट मात्र आडवीच, खाली-वर पुठ्ठा लावून, आणि डब्यावर ठळक लिहा: ‘काच, फुटकी’.